इंदूरचा ‘खरा रहिवासी’ : प्रवेशाच्या एका नियमावर भाष्य

भाष्यासाठी घेतलेला पाठ लहान आहे. दोन वाक्यांचा एक नियम आणि त्यातल्या ‘खरा रहिवासी’ या संज्ञेची चार पोटकलमांची व्याख्या. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल वैद्यकीय महाविद्यालयासाठी मध्य भारत सरकारने हा नियम केला. जुलै १९५२ मध्ये दिल्लीच्या एका विद्यार्थ्याला तिथे प्रवेश मिळाला. इतर सगळ्या फीशिवाय वर्षाला १,५०० रुपये कॅपिटेशन फी त्याच्याकडे मागितली गेली आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य’ या नावाने हे प्रकरण ओळखले जाते. निकाल लागला २७ जानेवारी १९५५ रोजी. बहुमताने नियम वैध ठरला आणि बहुमताचा निकाल न्या. वेंकटराम अय्यर यांनी लिहिला. न्या. जगन्नाधदास यांनी विरोधी मत दिले.

परराज्यातल्या विद्यार्थ्याला सरकारी कॉलेजात जागा मिळण्याची शक्यता किती, हा प्रश्न दरवर्षी ‘नीट’चा निकाल लागला की हजारो घरांत विचारला जातो. उत्तर मात्र गुणांत आणि मागच्या वर्षीच्या कट-ऑफमध्ये शोधले जाते. गुणांच्या आधीच एक गोष्ट ठरलेली असते, ती म्हणजे राज्य ‘आपला’ कोणाला म्हणते. ही व्याख्या कशी बांधली जाते, तिच्यात कोण बसतो आणि कोण विनाकारण गळतो, हे पाहायला इंदूरच्या नियमाइतका स्वच्छ पाठ दुसरा सापडत नाही. आजचे सगळे नियम याच चार पोटकलमांचे वाढवलेले रूप आहेत.

राज्याने आपल्या मुलांसाठी काही जागा राखाव्यात, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी राज्य जे कारण सांगते, त्या कारणाला व्याख्येतला प्रत्येक शब्द उत्तरदायी असला पाहिजे. पाठ याच कसोटीवर वाचायचा आहे. मूळ इंग्रजी शब्दांचा मराठी आशय मी दिला आहे.

“मध्य भारताचे जे खरे रहिवासी आहेत, अशा सर्व विद्यार्थ्यांकडून कॅपिटेशन फी घेऊ नये.”

नियमाची सुरुवात सवलतीने होते, बंदीने नव्हे. बाहेरच्यांना प्रवेश देऊ नका, असे इथे कुठेही म्हटलेले नाही. घरच्यांना फी माफ एवढेच म्हटले आहे. न्यायालयात सरकारला याचा मोठा फायदा झाला. राज्यघटनेचा अनुच्छेद १५(१) केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करतो. बहुमताने सांगितले की जन्मस्थान वेगळे आणि निवास वेगळा. जन्मस्थान बदलता येत नाही, निवास बदलतो. तेव्हा निवासावरून केलेला भेद या मनाईत येत नाही.

मग उरला अनुच्छेद १४, कायद्यापुढील समानतेचा. तिथे भेद वाजवी आहे की नाही, हे त्याच्या हेतूवरून ठरते. बहुमताने मान्य केलेला हेतू दोन भागांचा होता. एक, राज्य आपल्या पैशाने कॉलेज चालवते, तर त्याचा लाभ राज्यातल्या लोकांना व्हावा. दोन, राज्यात राहणारी मुले शिकून बहुधा तिथेच स्थायिक होतील, दवाखाने टाकतील आणि राज्याच्या आरोग्यसेवेत भर घालतील.

हे दोन भाग एका वजनाचे नाहीत. करदात्याचा पैसा ही १९५५ साली ठाम गोष्ट होती; आज ती निम्मीअर्धी खरी आहे. जिल्हा रुग्णालयांना जोडून अलीकडे जी नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली, त्यांतल्या अनेकांना केंद्राच्या योजनेतून पैसा मिळाला. बहुतेक राज्यांसाठी त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के, ईशान्येकडे केंद्राचा ९० टक्के. म्हणजे सांगलीचा करदाता छत्तीसगडमधल्या कॉलेजाच्या भिंतीतही थोडासा आहे. तरीही वर्षानुवर्षांचे पगार, औषधे आणि रुग्णालयाचा रोजचा खर्च राज्यच उचलते, म्हणून या पहिल्या भागाला मी किंमत देतो.

दुसरा भाग अंदाज आहे. मुलगा इथला, म्हणून तो इथेच राहील, हे गृहीत धरले आहे. डॉक्टर राज्यात राहावा हेच हवे असेल, तर त्याला सरळ वाट आहे, बंधपत्राची. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होणाऱ्याला एक वर्षाची सक्तीची सेवा करावी लागते, नाहीतर १० लाख रुपये भरावे लागतात. अशी बंधपत्रे वैध आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. बंधपत्र मुलगा कुठून आला हे विचारत नाही. बिहारमधून आलेल्या मुलीलाही ते लागू होते आणि लातूरच्या मुलालाही. सेवा हा हेतू एकदा बंधपत्राने साधला, की तेच कारण व्याख्या घट्ट करण्यासाठी पुन्हा वापरू नये.

“मात्र मध्य भारताबाहेरच्या इतर विद्यार्थ्यांच्या बाबतीत कॅपिटेशन फी सध्याप्रमाणेच कायम ठेवावी :”

बाहेरच्याला अडवायचे दोन मार्ग असतात, एक पैशाचा आणि एक जागांचा. या ओळीत पैशाचा आहे. १,५०० रुपये ही त्या काळी मध्यमवर्गीय घराला जड रक्कम होती, आणि ती दरवर्षी द्यायची होती. तरीही पैशाच्या मार्गात निदान रांग एकच राहते. जागा मिळाली की फरक पावतीवर पडतो.

हा मार्ग पुढे कुठे गेला, ते कर्नाटकात दिसले. तिथल्या १९८९ च्या अधिसूचनेनुसार खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातल्या इतर विद्यार्थ्यांना २५,००० पर्यंत आणि कर्नाटकाबाहेरच्या भारतीयांना ६०,००० पर्यंत फी होती. तुमकूरच्या कॉलेजात प्रवेश मागणाऱ्या मेरठच्या विद्यार्थिनीकडे हेच साठ हजार मागितले गेले. त्यातून १९९२ चा मोहिनी जैन निकाल आला आणि कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरली. १९५५ साली सरकारी नियमात उघडपणे वापरलेला शब्द सदतीस वर्षांनी निषिद्ध झाला.

जागांचा मार्ग अधिक कडक आहे, आणि आजचा विद्यार्थी त्याच्याशीच झुंजतो. प्रदीप जैन प्रकरणात २२ जून १९८४ रोजी न्या. भगवती यांनी मर्यादा घातली : एमबीबीएसला निवासावर आधारलेले आरक्षण ७० टक्क्यांच्या वर नको, बाकीच्या जागा देशभरातल्या मुलांसाठी गुणवत्तेवर खुल्या ठेवा. दोन वर्षांनी दिनेश कुमार प्रकरणात हिशेबाची पद्धत बदलली आणि एकूण जागांच्या १५ टक्के असा आकडा ठरला. हाच आपला ऑल इंडिया कोटा. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या.

१५ टक्के म्हणजे बाहेरच्या विद्यार्थ्याला किती, हे एकदा मांडून पाहावे. २०० जागांचे सरकारी कॉलेज घ्या. १७० जागा राज्याच्या, ३० ऑल इंडियाच्या. त्या ३० मध्ये अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना साडेसात, ओबीसींना २७ आणि आर्थिक दुर्बलांना १० टक्के; ओबीसी आणि आर्थिक दुर्बलांचे आरक्षण इथे २०२१-२२ पासून आले. खुल्या राहिल्या साधारण १२ जागा. पालकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट पुढे आहे. या ३० जागा ‘बाहेरच्यांच्या’ नाहीत, त्या सगळ्यांच्या आहेत. त्याच राज्यातला वरच्या रँकचा मुलगाही तिथे बसतो. घरचा मुलगा दोन्ही याद्यांत आहे, बाहेरचा एकाच यादीत. म्हणून ‘तिकडे १५ टक्के संधी आहे’ असे कोणी म्हणाले, तर ते फार आशावादी आहे.

या आरक्षणांविरुद्ध माझा आक्षेप नाही. ती भारतभरच्या वंचित मुलांसाठी आहेत आणि परराज्यातल्या दलित, आदिवासी मुलीला त्यांचाच आधार आहे. उलट राज्याच्या कोट्यातले जातीय आरक्षण तिला सहसा मिळत नाही, कारण ते त्या राज्याच्या मुलांसाठी असते. तिच्यासाठी ऑल इंडिया कोटा ही एकमेव जागा आहे.

परदेशातला एक फरक इथे नोंदवतो. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत बाहेरच्या राज्यातला विद्यार्थी किती तरी जास्त फी भरतो. त्यामुळे विद्यापीठालाच त्याचा मोह पडतो आणि राज्याला वरून लगाम घालावा लागतो. नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलला पहिल्या वर्षात बाहेरचे १८ टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, ही मर्यादा १९८० च्या दशकातली आहे. बाहेरच्यांची संख्या वाढल्याची तक्रार झाल्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळानेही २०१७ मध्ये मर्यादा घातली. आपल्याकडे ऑल इंडिया कोट्यातून आलेला विद्यार्थी सरकारी कॉलेजात बहुतेक ठिकाणी इतरांइतकीच फी भरतो. त्याला घेऊन कॉलेजाला काही मिळत नाही. त्याच्या बाजूने बोलणारा न्यायालयाखेरीज कोणी नसतो, आणि म्हणूनच आपल्याकडचे १५ टक्के न्यायालयातून आले, कुठल्या विधानसभेतून नव्हे.

“नामनिर्देशितांसाठी १,३०० रुपये आणि इतरांसाठी १,५०० रुपये.”

बाहेरच्यांतही दोन वर्ग : ज्याचे नाव कोणा अधिकाऱ्याने पुढे पाठवले तो, आणि स्वतःहून आलेला. फरक दोनशे रुपयांचा. ही चाल आजही केंद्रीय कोट्यात, म्हणजे सेंट्रल पूलमध्ये, टिकून आहे. पुरेशी वैद्यकीय महाविद्यालये नसलेल्या राज्यांसाठी आरोग्य मंत्रालय इतर राज्यांतल्या थोड्या जागा घेते आणि ती राज्ये आपले विद्यार्थी पाठवतात. ईशान्येकडचे कित्येक डॉक्टर असे घडले. एवढे पुरे.

आता व्याख्या.

“(अ) ज्याचा मूळ अधिवास मध्य भारतात आहे असा नागरिक, मात्र त्याने दुसरीकडे अधिवास मिळवलेला नसावा;”

नियमाचे सगळे दुबळेपण या ओळीत आहे. इथे राहण्याची अट नाही. कायद्याच्या रीतीने मूळ अधिवास बापाकडून येतो. समजा एखादे इंदुरी कुटुंब नोकरीपायी कलकत्त्याला गेले, पण कधीतरी परतायचे हे मनात पक्के आहे. मुलगा तिकडेच जन्मला, तिकडेच शिकला, त्याने इंदूर पाहिलेही नाही. या पोटकलमाने तो खरा रहिवासी आहे. त्याच इंदुरात चार वर्षे राहणारा, तिथल्या शाळेतून मॅट्रिक झालेला आणि तिथेच घर करू पाहणारा मुलगा मात्र पुढच्या पोटकलमात अडकतो. इथला मुलगा इथेच डॉक्टरी करेल, हे राज्याचे कारण यांतल्या कोणाला लागू पडते? अर्थातच दुसऱ्याला. नियमाने सवलत पहिल्याला दिली.

बहुमताने यातून वाट काढली. नियमातला अधिवास हा शब्द कायद्याच्या काटेकोर अर्थाने वापरलेला नसून ‘निवास’ याच अर्थाने आला आहे, असे म्हटले. मला ही वाट पटत नाही. पोटकलमात ‘मूळ’ असे विशेषण आहे आणि ‘दुसरीकडे मिळवलेला नसावा’ असा अपवादही आहे. ही दोन्ही कायद्याच्या शिस्तीतली भाषा आहे. शब्द सैल होता म्हणावे, तर तो इतक्या काळजीने बांधला कशाला? भेद समानतेच्या कसोटीला उतरत नाही हे न्या. जगन्नाधदास यांचे मत इथे अधिक प्रामाणिक वाचन ठरते.

पुढे १९८४ मध्ये न्या. भगवती यांनी या विषयाच्या मुळालाच हात घातला. भारतात अधिवास एकच, तो भारताचा. मध्य भारताचा किंवा महाराष्ट्राचा असा वेगळा अधिवास आपल्या घटनेत नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हेच पुढे नेले. प्रश्न चंडीगडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या पदव्युत्तर जागांचा होता. निवासावर आधारलेले आरक्षण पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात घटनाबाह्य आहे, असा निकाल न्या. धुलिया यांनी लिहिला. कारण सरळ आहे : शिक्षण जितके वरचे, तितकी गुणवत्ता महत्त्वाची, हृदयाचा शल्यचिकित्सक कुठल्या तालुक्यातून आला यावरून निवडू नये. एमबीबीएसच्या पातळीवर काही प्रमाणात असे आरक्षण चालेल, ही जुनी भूमिका त्याच निकालात कायम राहिली. पदव्युत्तरसाठी राज्याच्या वाट्याच्या जागाही आता रहिवास पाहून देता येणार नाहीत. त्याच संस्थेत एमबीबीएस केलेल्यांना मर्यादित प्राधान्य मात्र देता येते. परराज्यातल्या डॉक्टरला गेल्या कित्येक वर्षांत मिळालेला हा सर्वांत मोठा दिलासा आहे.

“(ब) ज्याचा मूळ अधिवास मध्य भारतात नाही, पण ज्याने तो मध्य भारतात मिळवला आहे आणि प्रवेशाचा अर्ज करण्याच्या तारखेला ज्याचे तिथले वास्तव्य किमान ५ वर्षांचे आहे, असा नागरिक;”

ही ओळ तुकड्या-तुकड्याने वाचावी लागेल.

*‘किमान ५ वर्षांचे’.* पाच हा आकडा आज उदार वाटेल. म्हैसूर राज्याने दहा वर्षे मागितली आणि १९७१ मध्ये वसुंधरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला काढायचा, तर साधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे मागतात : रेशनकार्ड, वीजबिल, शाळा सोडल्याचा दाखला, तलाठ्याचा रहिवासी दाखला. पाचाचे दहा आणि दहाचे पंधरा होताना पाचच का अपुरे, हे कोणी सांगितलेले नाही. मुलगा इथला झाला हे कळायला पाच वर्षे पुरतात, असे मध्य भारत सरकारला वाटले होते. ते मला पटते.

*‘तिथले वास्तव्य’.* आजच्या नियमांत वास्तव्याची जागा शाळेने घेतली आहे. हरियाणाने दहावी, अकरावी आणि बारावी राज्यात झालेली असावी अशी अट घातली आणि १९९५ मध्ये अनंत मदान प्रकरणात ती टिकली. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातल्या संस्थेतून हवीत, आणि शिवाय अधिवासाचा दाखला हवा. शाळा हा पुरावा वास्तव्यापेक्षा सच्चा आहे, हे मी मान्य करतो. वीजबिल कोणाच्याही नावे काढता येते, दहावी मात्र त्या गावात बसूनच द्यावी लागते. शिवाय इथल्या शाळेत शिकलेले मूल इथली भाषा शिकते, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत ‘पोटात कळ येते’ म्हणणाऱ्या बाईशी बोलायला तीच लागते.

अडचण ‘दोन्ही’ या शब्दात आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातून कित्येक पिढ्या गलाई कामगार बाहेर पडले. सोन्याचांदीची आटणी करायची, ते शुद्ध करून द्यायचे, हा त्यांचा धंदा. देशातल्या बहुतेक मोठ्या सराफ बाजारांत एखाद्या गल्लीत विट्याच्या माणसाची भट्टी सापडते. समजा एक कुटुंब कोइमतूरला आहे. घर, शेत, मतदार यादी, कुलदैवताची यात्रा सगळे खानापूर तालुक्यात. मुलगी दहावीपर्यंत कोइमतूरला शिकली, अकरावीला आजीकडे विट्याला आली, बारावी झाली, ‘नीट’ दिली. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी तिच्याकडे इथली दहावी नाही. तिथल्या राज्याच्या कोट्यासाठी सलग तिथलीच शाळा हवी, आणि ती मध्येच तुटली. दोन राज्ये, दोन्हींत बाहेरची. उरले ते १५ टक्के.

ही मुलगी विट्यात दवाखाना टाकेल याची शक्यता मुंबईत दहावी-बारावी झालेल्या आणि पुढे परदेशी जायचे ठरवलेल्या मुलापेक्षा कितीतरी अधिक आहे. राज्याच्या हेतूने पाहिले तर ती पहिल्या रांगेत हवी. केंद्र सरकारच्या नोकरदारांच्या आणि सैनिकांच्या मुलांसाठी नियमांत सवलती आहेत. बदलीची नोकरी हे मान्य कारण, पोटासाठी भट्टी घेऊन फिरणे हे नाही. हा भेद मला अन्यायाचा वाटतो, आणि तो स्पष्ट शब्दांत नोंदवला पाहिजे.

अल्पवयीन मूल आपली शाळा आणि आपले गाव निवडत नाही, आईबाप निवडतात. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्ये मीनाक्षी मलिक प्रकरणात ओळखले. वडिलांची नियुक्ती परदेशी, म्हणून मुलगी तिकडे शिकली, आणि दिल्लीत शेवटची दोन वर्षे शिकलेली असावी या अटीत ती बसेना. अशा मुलांना ही अट लावू नये, असे न्यायालयाने सांगितले. तोच न्याय कोइमतूरच्या गल्लीपर्यंत यायला हवा होता. तो आलेला नाही.

*‘प्रवेशाचा अर्ज करण्याच्या तारखेला’.* एका तारखेला माणूस गोठवायचा, ही सगळ्याच नियमांची खोड. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने याची टोकाची आवृत्ती काढली होती. अर्ज करताना तुमचा पत्ता बाहेरचा असेल, तर पदवी मिळेपर्यंत तुम्ही बाहेरचेच; मध्ये लग्न करून तिथे घर केले, गाडीचा परवाना तिथला काढला, मतदान तिथे केले, तरी फी बाहेरच्याचीच. १९७३ मध्ये व्लँडिस विरुद्ध क्लाइन प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे मोडून काढले. राज्याने वेगळी फी घ्यावी, पण आपण खरोखर इथले झालो हे दाखवायची संधी विद्यार्थ्याला दिलीच पाहिजे, असे ठरले. आपल्याकडच्या प्रवेशप्रक्रियेत अशी संधी जवळपास नाही. कागद अपलोड झाला की छाननी, त्रुटी, हरकतीचे दोन-चार दिवस आणि यादी. परिस्थिती ऐकून घेऊन निर्णय देईल असे टेबलच नाही. म्हणून ज्याची कहाणी नियमाच्या चौकटीबाहेरची आहे, त्याला उच्च न्यायालयात रिट दाखल करण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि तो खर्च गलाई कामगाराला झेपत नाही.

“(क) ३० सप्टेंबर १९४८ पूर्वी पाकिस्तानातून स्थलांतर करून आलेली आणि मध्य भारतात कायम राहण्याचा इरादा असलेली व्यक्ती;”

व्याख्येतली सर्वांत माणुसकीची ओळ. इथे पाच वर्षे नाहीत, मूळ अधिवास नाही. कायम राहायचे आहे, एवढा इरादा पुरे. फाळणीने घर गेलेल्या माणसाकडे वास्तव्याचा पुरावा मागणे क्रूरपणाचे ठरेल, हे सरकारला कळले होते. नियमाला हेतू कळतो तेव्हा तो किती साधा होतो, याचे हे उदाहरण आहे. काश्मीर खोऱ्यातून विस्थापित झालेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी महाराष्ट्राने प्रवेशात जी वेगळी सोय केली, ती याच ओळीच्या वंशातली.

“(ड) मध्य भारताला किंवा भारताला लागून असलेल्या प्रदेशातील व्यक्ती, व्यक्तींचा वर्ग किंवा नागरिक, ज्यांच्याबाबत मध्य भारत सरकारने पात्रतेची घोषणा केली आहे.”

शेवटच्या ओळीत सरकारने दार स्वतःच्या हाती ठेवले. ज्यांना आपले म्हणायचे त्यांना घोषणेने आपले म्हणता येईल. हा अधिकार मनमानीचा होऊ शकतो, पण सर्वांत उपयोगाचाही हाच आहे. कारण सीमा बदलतात आणि माणसे तिथेच राहतात.

मध्य भारताचेच पाहा. २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थाने मिळून हे राज्य झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशात विलीन झाले. निकाल लागला तेव्हा जबलपूरचा मुलगा इंदुरात बाहेरचा होता, नागपूरचाही. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, दोघे एकाच राज्याचे. पावणेदोन वर्षांनी जबलपूरचा मुलगा इंदूरचा घरचा झाला, आणि नागपूरचा मुंबई राज्यात जाऊन बाहेरचाच राहिला. दोघांच्या गुणांत किंवा घरच्या स्थितीत काहीही बदलले नव्हते. राज्याच्या आतही अशाच रेषा असतात. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाचे ७०:३० सूत्र अनेक वर्षे होते, प्रदेशातल्या मुलांना ७० टक्के आणि उरलेल्या राज्याला ३०. त्याने मराठवाड्याच्या मुलाला पुण्या-मुंबईत परकेच केले होते. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ते रद्द केले.

पोटकलम (ड) महाराष्ट्राने वापरलेले आहे. कर्नाटकाबरोबरच्या सीमावादातली ८६५ गावे अजून कर्नाटकात आहेत. २००४ मध्ये महाराष्ट्राने दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे. पण त्या भागातून दहावी-बारावी झालेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांना महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत वेगळ्या प्रवर्गातून प्रवेश मिळतो. बेळगावच्या त्या मुलीकडे महाराष्ट्रातली शाळा नाही, महाराष्ट्रातले वास्तव्य नाही. राज्याने तिला आपले म्हटले आणि नियम केला. तो योग्यच केला.

त्याच अधिकाराने पोटासाठी बाहेर गेलेल्या कुटुंबांच्या मुलांचा एक प्रवर्ग घोषित करता येईल. अट शाळेचीच ठेवा, पण ‘दहावी आणि बारावी’ऐवजी पहिलीपासून बारावीपर्यंत महाराष्ट्रात शिकलेली एकूण वर्षे मोजा, किंवा दोहोंपैकी एक परीक्षा इथली आणि आईबापांपैकी एकाचा अधिवास इथला, एवढ्यावर पात्रता द्या. बदल्यात एका वर्षाऐवजी तीन वर्षांचे बंधपत्र घ्या, आपल्याच तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाचे. कोइमतूरहून परत आलेली मुलगी ते लिहून द्यायला तयार होईल.